पणजीत भाड्यानं राहायचं तर कुठे? पावसाळा धरून केलेला एरियांचा रिव्ह्यू

मिक्सरचे, हॉटेलचे, अगदी चपलांचेही रिव्ह्यू लोक मन लावून लिहितात पण ज्या एरियात आपण महिन्याच्या महिन्याला भाडं मोजणार त्याचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही, आणि ब्रोकरला विचारावं तर त्याच्या लेखी पणजीतला झाडून सगळा फ्लॅट 'बीचपासून पाच मिनिटं' असतो. म्हणून हे लिहितेय. आम्ही पुण्याहून नवऱ्याच्या बदलीमुळे इकडे आलो, आधी दोनापावलाला राहिलो, आता ताळगावात आहोत, आणि मधल्या काळात माझ्या आणि नंतर बहिणीच्या घरासाठी म्हणून जवळपास सगळी पणजी पालथी घातली. हा रिव्ह्यू नोकरी करणाऱ्या, पोराबाळांच्या, एक स्कूटर आणि फार तर एक गाडी असलेल्या माणसांसाठी आहे. 'वर्क फ्रॉम बीच'वाल्यांनी वेळ घालवू नये.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की पणजी हे नदीचं शहर आहे. मांडवी मिरामारला समुद्राला मिळते, त्याच्या अलीकडे गावात जे पाणी दिसतं ती नदी, आणि खरा उघडा समुद्र म्हणजे मिरामारच्या पुढे करंझाळे, दोनापावला. हे कळलं की निम्मा निर्णय झाला, कारण खारा वारा किती अंगावर घ्यायचा हाच इथे घर निवडताना सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि तो ऑक्टोबर ते मे यातल्या कुठल्याही दिवशी घर बघायला गेलात तर कळत नाही. आमच्या पहिल्या घरमालकीणबाईंनी हे स्वतःच सांगितलं होतं, 'बाय, पावसांत येवन पळयात, मागीर सांगात,' म्हणजे पावसात येऊन बघा, मग सांगा. बदलीची तारीख काही पावसाळ्याची वाट बघत नाही त्यामुळे घेतलं घर, पण बाई बोलल्या ते अक्षरशः खरं.

तर दोनापावला. सी-व्ह्यू आहे, वादच नाही, संध्याकाळी गॅलरीत बसलं की समोर झुआरी नदीचं मुख, पलीकडे मुरगाव बंदरातली जहाजं, पाहुणे आले की मान उंच. पण पाहुणे दोन दिवसांत जातात आणि गॅलरी बारा महिने आपल्याकडे असते. जूनमध्ये पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, खिडकीच्या स्लायडिंगच्या फटीतून थेट गादीवर. गंज तर असा की कपाटाच्या बिजागऱ्या, सायकलची चेन, गॅस शेगडीचे स्टँड, एसीचं बाहेरचं युनिट, सगळं एका पावसाळ्यात तपकिरी, आणि चामड्याचे बूट बॉक्समधून काढले तर वर पांढरी मखमल. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्याच्या माणसाला हा आकडा ऐकून काही वाटत नाही, टॉवेल चार-चार दिवस वाळत नाही तेव्हा वाटतं. शिवाय आजूबाजूचे निम्मे फ्लॅट मुंबई-दिल्लीवाल्यांची सुट्टीची घरं, वर्षातले दहा महिने कुलूप, त्यामुळे रात्री अख्ख्या बिल्डिंगमध्ये तीन खिडक्यांत दिवा. दूध-कोथिंबिरीला स्कूटर काढायला लागते. तुमची नोकरी एनआयओमध्ये, म्हणजे समुद्रविज्ञान संस्थेत, किंवा विद्यापीठात असेल तर जरूर राहा, दारात ऑफिस आहे, नाहीतर पाचात दोन स्टार, तेही सूर्यास्ताचे.

मिरामार बरंच बरं. किनारा चालत, रस्त्यांना झाडं, जुन्या तीनमजली बिल्डिंगा ज्यांच्या खोल्या आजच्या फ्लॅटच्या दीडपट, आणि गावात जायला बस सतत. कांपालच्या बाजूला घर मिळालं तर कला अकादमी चालत, आणि इथे मराठी नाटकाचं वेड आपल्याकडच्यापेक्षा कमी नाही हो, उलट गावोगावी जत्रांमध्ये लोक स्वतः नाटकं बसवतात, ते बघून पुणेकरांनी थोडं गप्प बसावं. तर मिरामारची अडचण म्हणजे भाडं आणि शनिवार-रविवार. बांदोडकर मार्गावर कार्निव्हल, इफ्फीचा चित्रपट महोत्सव, मॅरेथॉन, काहीतरी चालूच, आणि गावाच्या बाजूला कॅसिनोच्या बोटी असल्यामुळे रात्री परराज्यातल्या गाड्यांची जी रांग लागते त्यात तुम्ही औषध आणायला निघाला असाल तर देव रक्षो. बजेट असेल तर साडेतीन स्टार.

फोंतेन्यास आणि मळा इथे माझं मन दुभंगतं. पिवळी, निळी, विटकरी रंगाची घरं, छोटे सज्जे, दारात तुळस किंवा क्रूस, मागे आल्तिनोची टेकडी, वर मारुतीचं देऊळ, आणि सगळं काही चालत. मार्केट चालत, पाटो भागातला कदंबचा, म्हणजे सरकारी बसचा, स्टँड चालत, आणि पाटोलाच कृष्णदास शामा ग्रंथालय, १८३२ सालापासूनचं, मराठी पुस्तकांचा विभाग बघाच, एसीत बसून दुपार काढता येते. तरी मी तिथे घर घेणार नाही. एक तर पार्किंग नाही म्हणजे नाहीच. दुसरं, सकाळी आठला दार उघडलं की समोर प्री-वेडिंगवालं जोडपं आपल्याच पायरीवर बसलेलं, फोटोग्राफर आपल्यालाच म्हणणार 'मॅडम जरा साइडला'. तिथले लोक पाट्या लावून दमले. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, मळ्याचा भाग सखल आहे, जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की खाडी पाणी घेत नाही आणि ते रस्त्यावर चढतं. जुन्या घरांत तळमजला असेल तर भिंतीवर ओल किती उंच चढलीय ते बघा, नवीन रंगाच्या वासावर जाऊ नका, मालक एप्रिलमध्ये रंग का लावतात हे तेवढं लक्षात घ्या. तळमजल्याला एक स्टार, पहिल्या मजल्यावर कौलं नीट असतील आणि गाडी नसेल तर चार. एवढा फरक एका जिन्याचा.

सांतिनेज सोयीचं आहे, दवाखाने, दुकानं, शाळा सगळं जवळ, पण नाल्याचा वास एप्रिल-मेमध्ये कसा असतो ते दुपारी तीन वाजता जाऊन अनुभवा, नाल्यापासून दोन गल्ल्या आत गेलात तर प्रश्न नाही. आल्तिनोवर भाड्याचं घर मिळणं म्हणजे ओळखीचं काम, शांतता भरपूर, दुकान एक नाही, आणि चढ असा की म्हाताऱ्या सासूबाईंना वर नेऊन पुन्हा खाली आणायचं म्हणजे टॅक्सीच. पुढे.

आता पर्वरी. मांडवीच्या पलीकडे, तीन पूल, त्यातला अटल सेतू २०१९ चा, विधानसभा तिकडे, हायकोर्टही आता तिकडे. पुण्या-कोल्हापूर-बेळगावकडची बरीच कुटुंबं तिथेच उतरतात, कारण तेवढ्याच भाड्यात एक खोली जास्त मिळते आणि सोसायट्या आपल्या ओळखीच्या, लिफ्ट-वॉचमन-जिम टाइप. बहिणीनं शेवटी तिथेच घेतलं. तिची सोसायटी छान आहे, खोटं कशाला बोलू, पण उन्हाळ्यात टँकर ही तिथली ठरलेली गोष्ट, आणि टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे हे तिला राहायला गेल्यावर कळलं. हायवेवरच्या उड्डाणपुलाच्या कामामुळे धूळ आणि डायव्हर्जन इतकं सोसलंय तिनं की पुलापलीकडे माझ्याकडे यायचं म्हटलं की आधी मॅप उघडते. ऑफिस पर्वरीतच असेल तर बेस्ट. ऑफिस पणजीत असेल तर रोज दोनदा पूल, विचार करा.

पाण्यावरून आठवलं, पणजीकरांनीही फार ऐट करू नये. शहराचं पाणी येतं फोंड्याजवळच्या ओपाच्या प्रकल्पातून, लांबून पाइपलाइननं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ ती फुटली तेव्हा भर पावसात अख्खी तिसवाडी, म्हणजे पणजीचा तालुका, दिवसचे दिवस कोरडी होती. बाहेर धो धो आणि नळ कोरडा. त्यामुळे कुठल्याही एरियात फ्लॅट बघताना हॉल-किचन नंतर, आधी खालची टाकी दाखवा म्हणायचं, किती लिटरची आणि किती घरांत, आणि विहीर आहे का. जुन्या बिल्डिंगांमध्ये अजून विहिरी असतात, चालू असतील तर सोनं. आणि हे मालकाला विचारायचं नाही, खाली कपडे वाळत घालणाऱ्या काकूंना विचारायचं.

कदंब पठार, म्हणजे बायपासवर जुन्या गोव्याच्या दिशेनं जे नवे टॉवर झालेत ते. ब्रोकर सगळ्यात आधी तिथेच नेतो, का ते ओळखा. फ्लॅट नवीन, हवा मस्त, पठार असल्यामुळे पाणी तुंबण्याची भानगड नाही, पण स्वतःची गाडी नसेल तर अडकलात, संध्याकाळनंतर बस दुर्मिळ आणि गोव्यात ओला-उबर नाही. टॅक्सीचं एक स्थानिक ॲप आहे पण पावसात ते पावलं तर पावलं. गावात असाल तर पायलट असतात, पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल टॅक्सी, एकट्या माणसाला उत्तम, पठारावर त्यांची वाट बघू नका. मेर्शीचं पण साधारण असंच, फक्त गावाला थोडं जवळ. दोन्हीला अडीच.

आणि आता आमचं ताळगाव, करंझाळेच्या आतल्या बाजूसकट. दिसायला काही खास नाही हे आधीच सांगते. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगा, जिथे तिथे क्रेन, मागच्या वर्षी जिथे भातशेत बघितलं तिथे यंदा पत्र्याचं कुंपण. डास आहेत, जाळ्या लावूनच घ्या. पण समुद्र एवढा लांब आहे की गंज निम्म्यावर आला आणि एवढा जवळ आहे की मुलं संध्याकाळी सायकलवर करंझाळ्याला जाऊन येतात. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो, उंडे आणि पोई हे इथले पाव दारात. भाजीवाल्या बायका चर्चच्या बाजूला बसतात, दुपारी एक ते चार सगळं बंद हे सोडलं तर वाण्यापासून डेंटिस्टपर्यंत सगळं पायी. ऑगस्टमध्ये नवीन कणसांचा सण असतो, कोणसाचं फेस्त, तेव्हा शेजारच्या आंटीनं कणीस आणून दिलं ते दाराला बांधलंय आमच्या, गणपतीच्या फोटोशेजारी. चवथीला, म्हणजे गणपतीत, मात्र सगळे आपापल्या गावी, रस्ते रिकामे, दुकानं बंद, आधी किराणा भरून ठेवा. एक बारीक गोष्ट, ताळगावचा बराचसा भाग महापालिकेत नाही, पंचायतीत येतो, त्यामुळे कचरा कोण आणि कधी नेतं हे सोसायटीत आधी विचारा, चौकातल्या पोस्टरवर विसंबू नका. चार स्टार. पाचवा डासांनी नेला.

मासे खाणाऱ्यांसाठी, एरिया कुठलाही घ्या, पणजी मार्केट सकाळी लवकर गाठा, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा भाव बघून घाबरू नका, सगळेच तेव्हा सुक्यावर असतात.

रायबंदरबद्दल लोक विचारत नाहीत म्हणून मीच सांगते. पणजीतून जुन्या गोव्याकडे जाताना जो सरळ, पाण्यालगतचा बांध लागतो तो पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला, आजही त्यावरून बस धावतात, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं. पलीकडे रायबंदरची जुनी घरं, चोडणला जाणारी फेरी. बस दर थोड्या वेळानं आहे कारण जुन्या गोव्याच्या बऱ्याचशा तिथूनच जातात. घरं मात्र भाड्यानं सुटतात फार कमी, आणि सुटली तरी ब्रोकरकडे येत नाहीत, चर्चजवळच्या किराणा दुकानात विचारायचं, तोच रिव्ह्यू आणि तीच जाहिरात. मी शेजारच्या आंटींना सांगून ठेवलंय.

आता ब्रोकर आणि करारनामा. आमच्या ब्रोकरनं एक महिन्याचं भाडं घेतलं आणि त्या बदल्यात चार कुलपं उघडून दाखवली, नाव लिहीत नाही, सगळे साधारण तसेच. खरं काम तुम्हालाच करायचंय. करार ११ महिन्यांचा असला तरी त्यात डिसेंबर धरलेला आहे ना ते स्पष्ट लिहून घ्या, कारण काही मालक गोड बोलून 'ख्रिसमसला दहा दिवस आमचे पाहुणे येणार' म्हणतात आणि ते पाहुणे टुरिस्ट असतात. गळतीची दुरुस्ती कोणाची ते लिहा, नुसतं 'मेंटेनन्स' शब्दावर सोडू नका, गच्चीखालचा वरचा मजला असेल तर पावसाआधी वॉटरप्रूफिंग कोण करणार तेही. भाडेकरूचा फॉर्म पोलीस ठाण्यात द्यावा लागतो, मालक टाळाटाळ करत असेल तर तुम्ही स्वतः मागे लागा आणि शिक्का मारलेली कॉपी ठेवा, गॅस कनेक्शन आणि शाळेच्या ॲडमिशनलाही ती कामी आली आमच्या. आणि बघायला जाताना फोनमध्ये भरतीचं टाइमटेबल ठेवा, मळा, सांतिनेज बघायचं असेल तर भरतीच्याच वेळेला जा, जुलै असेल तर फारच उत्तम, ब्रोकर म्हणेल पाऊस थांबू दे, तुम्ही म्हणायचं छत्री आहे.