तेरड्याच्या बियाण्याच्या नावाने 14,700 रुपयांना गंडा

गौरीसाठी तेरडा लावा, भाद्रपदात मुळासकट काढून द्या, मुंबईच्या बाजारासाठी आम्ही 20 रुपये जुडीप्रमाणे उचलू, अशी जाहिरात मे महिन्यात गुहागर भागातल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत होती. हमीखरेदीच्या योजनांची गत कोकणात कोणाला नव्याने सांगायला नको. पण बांधावर आपोआप उगवणाऱ्या तेरड्याचे बी विकत का घ्यायचे, असे मी विचारले, तेव्हा विक्रेता म्हणाला की पिकलेले बोंड हात लागताच फुटते आणि बी चौफेर उडते, म्हणून किलोवारी गोळा करणे फार कष्टाचे असते. हे अक्षरशः खरे आहे. खऱ्याच्या आडून खोटे विकणाऱ्यावर संशय घ्यायचा तरी कसा?

नोंदणीचे 2,500, बियाण्याचे 7,200 आणि कराराच्या अनामतीचे 5,000, असे एकूण 14,700 रुपये मी यूपीआयने भरले. अनामत मागणारा खरेदीदार दिसला की तिथेच थांबावे.

पिशवी उघडली तो क्षण अजून डाचतो. बियांना गुलाबी औषध चोळलेले होते. चार दाणे तळहातावर घेऊन ओल्या बोटाने चोळले, तर रंग सुटून आत बारीक, काळेभोर, चकचकीत बी निघाले. तेरड्याचे बी तपकिरी, खरबरीत आणि मोहरीपेक्षा जरा मोठे असते. लहानपणी बोंडे फोडलेल्या कोणालाही ते ठाऊक असते. मी तत्काळ फोन केला, तेव्हा औषधाने बी काळे पडते असे सांगण्यात आले. भाताचे प्रक्रिया केलेले बियाणेही रंगीत येते, शिवाय मृग तोंडावर होता. माझ्या जागी कोणीही पेरलेच असते.

कलमांमधल्या मोकळ्या जागेत उगवले ते कुर्डू नावाचे तण. तेरड्याच्या पानाला करवती कडा असते आणि खोड रसाळ असते, इथे पानांच्या कडा सरळ होत्या. हे ध्यानात आले तेव्हा जुलै अर्धा सरला होता, गौरीपर्यंत दुसरी पेरणी फुलणे शक्य नव्हते आणि विक्रेत्याचा फोन बंद होता.

पोलीस ठाण्यात ही दिवाणी बाब असल्याचे सांगून अर्जावर पोचही दिली नाही, उलट फुलांसाठी एवढे पैसे कोण देतो असे विचारले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळले की पैसे गेल्या गेल्या कळवायला हवे होते. पण बी उगवल्याशिवाय फसवणूक कळणार कशी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. कृषी कार्यालयाने 1966 च्या बियाणे कायद्यावर बोट ठेवले: तेरडा अधिसूचित वाणांत बसत नाही, सबब नमुना घेता येत नाही. म्हणजे रानफुलाच्या नावाने कोणीही काहीही विकावे आणि प्रत्येक टेबलाने पुढच्या टेबलाकडे बोट दाखवावे, असाच हा कारभार आहे, आणि यंदा लुबाडणारा पुढच्या वैशाखात दुसऱ्या तालुक्यात बिनधास्त उभा राहील.

तेरडा लावायचाच असेल तर बोंडे हिरवट-पिवळी होताच फडक्यात धरून घरचे बी काढा; पिशवीवर लॉट क्रमांक आणि पूर्ण पत्ता नसेल तर पैसे देऊ नका. ज्यांनी गुलाबी बी घेतले आहे, त्यांनी उरलेले दाणे, पिशवी आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. माझी तक्रार तिथे दाखल होत आहे.