शंकरपटासाठी कोणते शटर: मेकॅनिकल की इलेक्ट्रॉनिक?

लाखनीकडच्या माझ्या भाच्याने साधा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा घेतला असून, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि लग्ने टिपताना मेकॅनिकल (हलत्या पडद्याचे) शटर ठेवावे की इलेक्ट्रॉनिक, या पेचात तो पडला आहे. पेटीवरचा इलेक्ट्रॉनिक शटरच्या कमाल वेगाचा आकडा त्याने आधी विसरावा. सेन्सरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपची) प्रत्येक ओळ किती वेळ प्रकाश घेते, एवढेच तो आकडा सांगतो. इलेक्ट्रॉनिक शटरवर सगळ्या ओळी एकामागून एक वाचून व्हायला मात्र अशा सेन्सरला बहुधा १/१५ ते १/३० सेकंद लागतो, तर मेकॅनिकल पडदा तेच अंतर सुमारे १/२५० सेकंदात कापतो. माझ्या एका फोटोत भरधाव छकड्याचे चाक अंड्यासारखे लांबट आले आणि धुरकऱ्याच्या (छकडा हाकणाऱ्याच्या) हातची तुतारी (बैल हाकायची काठी) वाकलेली दिसली, ती या वाचनाच्या संथपणामुळेच.

मांडवातही हीच अडचण येते. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंदावतात, आणि १/२० सेकंदाच्या वाचनात फोटोवर पाच आडवे पट्टे उमटू शकतात. शिवाय अशा कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटरवर फ्लॅश सहसा चालतच नाही.

झिजेच्या बाबतीत इलेक्ट्रॉनिक सरस आहे, कारण त्यात हलणारा भागच नाही; म्हणून त्याचा आवाजही होत नाही. निकॉन झेड ९ मध्ये तर मेकॅनिकल शटरच नाही. पण त्याचा स्टॅक्ड (थरांवर थर रचलेला) सेन्सर वेगाने वाचतो आणि किंमतही तशीच घेतो.

पट आणि लग्नासाठी भाच्याने मेकॅनिकलच ठेवावे. नवेगावबांध तलावाच्या काठावर स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी किंवा शांत कीर्तनासाठी इलेक्ट्रॉनिक लावावे.