तेरेखोल-केरी फेरीबोट: सॅक पाठीवर असेल तर

महाराष्ट्रातल्या रेडीकडून चालत गोव्यात उतरणाऱ्या जोडप्यासाठी तेरेखोल नदी ओलांडणाऱ्या या बोटीहून बरी सुरुवात नाही. पायी प्रवाशाला तिकीट नाही, अंतरही जेमतेम. खोट एकच, पण मोठी: नदीच्या मुखाशी वाळू साचते, त्यामुळे भर ओहोटीला बोट थांबते. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे कालची वेळ आज धरून चालू नका. बोट चुकलीच तर आरोंदा-किरणपाणी पूल आहे, पण वळसा चांगलाच लांबचा.

धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं. चढण्याआधीच कमरेचा पट्टा आणि छातीचं बक्कल सोडा. घसरून पाण्यात पडलात तर सॅक झटकन टाकता येते. आत गेल्यावर सॅक उतरवून कडेला ठेवा, दुचाकींच्या वाटेत नको.

तंबू दोघांत वाटून घ्या: एकाकडे कापड, दुसऱ्याकडे दांडे आणि खुंट्या. माणशी २ लिटर पाणी अलीकडेच भरा. पलीकडे सुरूच्या बनात सावली भरपूर, पण हरमलकडच्या खडकाळ वाटेवर ती फारशी मिळत नाही. सकाळची बोटच उत्तम. दुपारची फक्त हौशी मंडळींनी घ्यावी.