‘सर्वांसाठी सुलभ’ वेबसाइट: 1,20,800 रुपयांना चुना

2027 चा सिंहस्थ जवळ आला तसे पंचवटीत लॉज-भक्तनिवासांच्या दारी वेबसाइटवाले घिरट्या घालू लागलेत. बोली ठरलेली: अंध, वृद्ध सगळ्यांना वापरता येईल, सगळ्या ब्राउझरवर चालेल. आमच्या ट्रस्टच्या भक्तनिवासाचे 85,000 गेले, त्यावर 18 टक्के जीएसटी 15,300, ‘सुलभता विजेट’चे (साइटवर बसवायचं एक जोड-बटण) 14,000 आणि ‘प्रमाणपत्रा’चे 6,500. शेवटच्या दोन्हींची पावती नाही. कंपनीचं नाव लिहू नका, असं वकिलांनी बजावलंय.

खोल्यांचे दर साइटवरून कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकले, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस-टिंबांचा काला. कंपनीवाला म्हणे, ‘तुमच्या फोनमध्ये फॉन्ट नाही’! अरे, त्याच फोनवर साइट मराठीत छान दिसत होती की. तिथेच गचांडी धरायला हवी होती. सगळा मजकूर जुन्या, छपाईसाठीच्या डीटीपी फॉन्टमध्ये भरलेला, युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत) नाहीच. वरून देवनागरी, आत रोमन. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आतलं वाचतो, म्हणजे अंध यात्रेकरूच्या कानावर नुसती बडबड. गूगललाही आतलंच दिसतं, म्हणून मराठीत शोधलं तर साइट सापडत नव्हती. डोळस माणसाला हे कळणार कसं, सांगा ना? अक्षरं तर सुबक होती. आणि युनिकोड असलं तरी पानाच्या लँग ॲट्रिब्यूटमध्ये (पानाची भाषा सांगणारी कोडमधली खूण) ‘एमआर’, म्हणजे मराठी, हवं. यांनी ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, ठेवलेलं.

‘चार ब्राउझरवर तपासलंय.’ कोणते? क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा. चारही क्रोमियम या एकाच पायावर चालतात, म्हणजे एकच परीक्षा चारदा. फायरफॉक्स आणि सफारीची इंजिनं, म्हणजे पान दाखवणारा आतला गाभा, वेगळी, तिथे कुणी फिरकलंच नाही. आयफोनवर ‘खोली बुक करा’ बटण खालच्या पट्टीमागे दडलेलं, कारण उंची 100 व्हीएच, म्हणजे पट्ट्या लपल्यावरच्या पूर्ण पडद्याएवढी, दिलेली. तिथे पट्टीप्रमाणे बदलणारं डीव्हीएच हे माप लागतं.

डेमोत कंपनीच्या माणसाने माऊस एकदाही सोडला नाही. तुम्ही सोडायला लावा, अंधाला माऊसचा काय उपयोग? नुसत्या टॅब आणि एंटरवर बुकिंग पूर्ण झालं पाहिजे, आणि आपण कुठे आहोत ते चौकटीने दिसलं पाहिजे. यांनी ती चौकट कोडमध्ये ‘आउटलाइन नन’ लिहून पुसलेली. तारखेचं कॅलेंडर डिव्हचं, म्हणजे खऱ्या बटणांऐवजी नुसत्या डब्यांचं, टॅबने तिथे पोचताच येत नाही. मोबाईल नंबरच्या रकान्याला लेबल नाही, नुसता प्लेसहोल्डर (रकान्यात आधीच दिसणारा, टाइप करताच जाणारा मजकूर), तोही पांढऱ्यावर फिका करडा. साध्या अक्षरांना किमान 4.5:1 कॉन्ट्रास्ट, म्हणजे मागच्या रंगाशी उजेडाचा फरक, लागतो. (मॅकच्या सफारीत टॅब लिंकवर थांबत नसेल तर आधी सेटिंग्ज बघा, तो दोष साइटचा नाही.)

14,000 चं विजेट काय करतं? अक्षर मोठं, रंग उलटे. कंट्रोल आणि प्लस दाबलं की ब्राउझर फुकट अक्षर मोठं करतो. बिनलेबलचा रकाना विजेटने शहाणा होत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये ‘विजेट लावलं की साइट सुलभ’ अशा दाव्यांवरून एका विजेट कंपनीकडून 10 लाख डॉलर वसूल केले. आणि प्रमाणपत्रावर डब्ल्यूथ्रीसीचा, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा, शिक्का! डब्ल्यूथ्रीसी कुठल्याच साइटला प्रमाणपत्र देत नाही.

पोलीस म्हणाले, साइट उघडतेय ना, मग फसवणूक कसली? दिवाणीत जा. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच राजीखुशीने दिलेत. ग्राहक आयोगाच्या दारात टेबलावरूनच परत: व्यावसायिक कामासाठी घेतलेली सेवा, तुम्ही ग्राहक नाही. धर्मादाय ट्रस्ट व्यावसायिक! दिव्यांगांच्या कार्यालयात सांगितलं, त्रास झालेल्या अंध व्यक्तीलाच अर्जासह आणा. साइटच वाचता येत नाही तो तक्रारीपर्यंत पोचणार कसा, हे विचारल्यावर साहेब मीटिंगला गेले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेवा देणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, म्हणजे उद्या नोटीस आम्हालाच.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, विंडोजवर टाका, डोळे मिटून स्वतः एक बुकिंग करा. मग शेवटचा हप्ता. लाइटहाउस या गूगलच्या तपासणी-साधनाचे 100 गुण दाखवले तरी हलू नका, तो लेबल आहे का बघतो, लेबलवर अर्थाचं काही लिहिलंय का ते नाही. आणि डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, लॉगिन पहिल्या दिवशी ट्रस्टच्या ईमेलवर घ्या. आमचं त्यांच्याच खात्यात निघालं. हजाराच्या आत होणाऱ्या नूतनीकरणाचे आता 9,000 मागताहेत.