तळघरातला पंप, बोटीतला पंप आणि मोटर बंद करा म्हणणारी बाई : सहा महिन्यांचा अनुभव

"पानी की टंकी भर गई है, कृपया मोटर बंद करें."

ऑगस्टमधल्या एका रात्री पावणेतीनला आमच्या तळघरातून ही बाई ओरडायला लागली. छतावरच्या टाकीसाठी मिळतो तोच दोनेकशे रुपयांचा, सेलवर चालणारा अलार्म. त्याची तार मी तळघरातल्या पंपाच्या खड्ड्याच्या काठावर, फरशीच्या बोटभर खाली सोडली आहे. ती 'मोटर बंद करा' म्हणाली की आमच्या घरात मोटर सुरू करायला धावायचं असतं. पंप, बॅटरी, पाइप, मजुरी मिळून यंदा 37 हजार गेले. त्यात सगळ्यात कामाची वस्तू कोणती असं कोणी विचारलं तर मी या बाईचंच नाव घेईन.

आधी थोडं मागचं. आम्ही नागपुरात शंकरनगरच्या बाजूला राहतो. 20 बाय 15 फुटांचं तळघर, त्यात माझी नववी-दहावीची गणिताची शिकवणी. 22 सप्टेंबर 2023 ला घरी महालक्ष्म्यांचं जेवण झालं. मोठे गंज, कढया, पराती उद्या घासू म्हणून खाली ठेवल्या. त्याच रात्री चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, आणि पहाटे बघतो तर गंज तरंगताहेत. बेंच तरंगताहेत. उन्हाळ्यानंतर खाली ठेवलेले दोन कूलर तेवढे जड म्हणून तळाशी बसलेले. तीन फूट पाणी होतं. वर्गात मी हे गणित पुढे कितीदा तरी घातलं: 300 चौरस फूट गुणिले 3, म्हणजे 900 घनफूट, म्हणजे साधारण साडेपंचवीस हजार लिटर. ह्यांनी ते कूलरच्या पंपाने काढायला सुरुवात केली होती. (हसू नका, त्या दिवशी आमच्या गल्लीत तीन घरांनी तेच केलं.)

पुढच्या वर्षी बिनफ्लोटचा (पाणी चढलं की तरंगून पंप आपोआप सुरू करतो तो फ्लोट) एक स्वस्त पंप आणून पाहिला. आपण जागे असलो तरच तो जागा. म्हणून यंदा मे महिन्यात नीट काम काढलं. कोपऱ्यात फरशी फोडून 2 बाय 2 फुटांचा, अडीच फूट खोल खड्डा केला. त्यात अर्ध्या एचपीचा, फ्लोट स्विचवाला सबमर्सिबल ड्रेनेज पंप. दीड इंची पाइप, एनआरव्ही (पाइपातलं पाणी उलटं येऊ न देणारा वाल्व्ह), आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइट तोडणारा स्विच). सगळे सॉकेट चार फुटांवर घेतले. यातल्या शेवटच्या दोन गोष्टींत काटकसर करू नका. ओल्या फरशीवर एक्स्टेन्शन बोर्ड ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यात आमचं घरही होतं.

डब्यावर मिनिटाला 200 लिटर लिहिलंय. तो आकडा पाणी वर चढवायचं नसेल तेव्हाचा. आमच्याकडे ते 10 फूट चढतं. फ्लोट चालू होतो तिथपासून बंद होतो तिथपर्यंत खड्ड्यात 10 इंच पाणी, म्हणजे 94 लिटर. घड्याळ लावून मोजलं तर 45 सेकंद लागले. मिनिटाला 125 लिटर झाले. तळघरात एक इंच पाणी म्हणजे 708 लिटर, तर हा पंप ते सहा मिनिटांत ओढतो. आम्हाला पुरेसं आहे. ह्यांना अजूनही एक एचपीचा हवा होता असं वाटतं. पण एवढ्याशा खड्ड्यात मोठा पंप टाकला तर तो सारखा चालू-बंद होत राहणार, आणि मोटरचे हाल सुरू होण्याच्या वेळीच जास्त होतात.

पावसात पाणी येतं हे ठाऊक होतं. पाऊस थांबल्यावरही येतं हे यंदा कळलं. आपली काळी माती पाणी धरून बसते आणि सावकाश सोडते. जुलैतल्या झडीनंतर ऊन पडलं तरी दोन दिवस पंप दर वीस मिनिटांनी घुर्र करत होता. 94 लिटर भागिले 20, मिनिटाला पाचेक लिटर झिरपा. पंप नसताना हेच पाणी भिंतीला पोपडे आणत होतं आणि आम्ही रंगाला दोष देत होतो.

लाइट. नागपुरात वारा सुटला की लाइट जाते आणि पंपाची गरज नेमकी तेव्हाच पडते. घरच्या 850 व्हीएच्या इन्व्हर्टरवर पंप लावून पाहिला. इन्व्हर्टर टूं करून बसला. पंप चालताना सहाशे वॅटच्या आतच घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "मॅडम, दोन केव्हीएचा घ्या, दोन बॅटऱ्या लागतीन." चाळीस हजारांच्या वर चाललं होतं.

त्याऐवजी बोटीतलं पाणी काढतात तो 12 व्होल्टचा डीसी पंप मागवला, 4,300 रुपये. नागपुरात बोटीचा पंप! त्याला वेगळी 100 एएचची ट्युब्युलर बॅटरी आणि चार्जर. तो मोठ्या पंपापेक्षा चार इंच वर टांगला आहे, त्याचा पाइप वेगळा, फ्लोटही वेगळा. मोठा चालला नाही, मग कारण काहीही असो, पाणी चार इंच चढलं की हा सुरू होतो. आमच्या उंचीला मिनिटाला 35 लिटरच देतो. मुसळधार पावसाला अपुरा, झिरप्याला भरपूर. आठेक अँपिअर घेतो, त्यामुळे सलग चालला तरी रात्र निघते. यंदा लाइट गेली तेव्हा तो चार वेळा कामाला आला.

मग त्या ऑगस्टच्या रात्री बाई का ओरडली? मोठ्या पंपाचा फ्लोट त्याच्याच वायरीत अडकून खाली राहिला होता. आणि छोटा? त्याच्या चार्जरची पिन कोणीतरी मोबाइल चार्ज करायला काढली होती, बॅटरी रिकामी. कोण ते घरात अजून कबूल झालेलं नाही. काठीने फ्लोट सोडवला, पंप सुरू झाला, फरशी ओली व्हायच्या आत पाणी उतरलं. आता त्या सॉकेटवर चिकटपट्टी आहे आणि महिन्यातून एकदा बादलीभर पाणी ओतून दोन्ही फ्लोट उचलले जातात का ते बघते. तळाची रेती-गाळही तेव्हाच काढते.

प्लंबरची एक चूक महागात पडली असती. त्याने पाइपाचं तोंड फाटकाजवळच्या नालीच्या चेंबरमध्ये सोडलं होतं. जोराचा पाऊस आला, नाली तुडुंब, आणि आम्ही काढलेलं पाणी अंगणातून फिरून पुन्हा तळघराच्या पायऱ्यांवर. पंप बिचारा तेच तेच पाणी फिरवत होता! आता तोंड उंचावर, बागेच्या उताराकडे आहे.

आणि जे पंपाला जमत नाही तेही सांगते. आमच्यासमोरचा सिमेंट रोड झाला तेव्हा रस्ता अंगणापेक्षा जवळपास फूटभर वर गेला. 2023 चं पाणी झिरपलेलं नव्हतं, रस्त्यावरून पायऱ्या उतरून आलं होतं. तसं पाणी आलं तर माझे दोन्ही पंप मिळूनही काही करू शकणार नाहीत. त्यासाठी पायऱ्यांच्या तोंडाशी नऊ इंचांचा उंबरा घातला, त्याच्यावर लोखंडी चॅनेलमध्ये सरकवायची रबर लावलेली पाटी केली. तळघराच्या मोरीतून उलटं पाणी येऊ नये म्हणून चेंबरमध्ये झडपेचा वाल्व्हही टाकला.

उंबऱ्याची परीक्षा सुदैवाने यंदा झाली नाही. मी बागेची नळी लावून पाहिलं तर पाटीच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकतं. मिस्त्री म्हणाला होता, "मॅडम, दिवाळी झाली का येतो." दिवाळी होऊन गेली.