जुन्या डेल ऑप्टिप्लेक्सला आरटीएक्स ३०५० (६ जीबी) लावलं, त्याचा रिव्ह्यू

भाच्याकडे डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० कॉम्प्युटर आहे, मिनी टॉवर, आय५-४५९० प्रोसेसरवाला. ऑफिसमधून निघालेले असले रिफर्बिश्ड डबे पुण्यात भरपूर मिळतात आणि मशिन म्हणून दणकट असतात. पण त्याला ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायचंय आणि ऑनबोर्ड ग्राफिक्सवर ते अजिबात जमत नव्हतं, म्हणून आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड घेतलं, ६ जीबीवालं. कार्ड मला खूप आवडलंय, पण त्याआधी काय काय बघावं लागतं ते नीट सांगतो, कारण दुकानात कुणी स्वतःहून सांगत नाही.

साइडचं झाकण काढा आणि पॉवर सप्लायवरचं स्टिकर वाचा. आमच्यावर २९० वॉट आहे आणि ग्राफिक्स कार्डला द्यायची वेगळी ६ पिन किंवा ८ पिन वायर नाहीच. म्हणजे कार्डला जे काही मिळणार ते मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच, आणि स्लॉट देतो जास्तीत जास्त ७५ वॉट. बाकी सगळा हिशोब इथेच ठरतो. ३०५० नावाची दोन वेगळी कार्डं आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ८ जीबीवालं १३० वॉट खातं, त्याला वेगळी वायर लागते आणि कंपनी ५५० वॉटचा सप्लाय सांगते, ते आपल्याला बाद. ६ जीबीवालं २०२४ मध्ये आलं, ७० वॉटचं, स्लॉटवरच चालतं. कंपनी त्याला ३०० वॉट सांगते आणि आपल्याकडे २९०, पण प्रोसेसर ८४ वॉटचा, कार्ड ७०, वर एक एसएसडी आणि पंखे, तरी बराच वाव उरतो. चालतंय व्यवस्थित.

तपकीर गल्लीत एका दुकानात ८ जीबीवालंच घ्या म्हणून फार आग्रह झाला, वायर नसेल तर साटाच्या (हार्ड डिस्कला पॉवर देणाऱ्या) पिनेवरून कन्व्हर्टर लावून देतो म्हणाले. कृपया हे करू नका. साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ५४ वॉटच सुरक्षित जातात, ६ पिनवालं कार्ड ७५ मागू शकतं, वायर वितळते. पॉवर सप्लायच बदलू म्हणाल तर तेही सरळ नाही, कारण या डेलच्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिन नाही, स्वतःची ८ पिन आहे, त्यामुळे बाजारातला सप्लाय अडॅप्टरशिवाय लागतच नाही.

आणि नुसता जीबीचा आकडा बघून कार्ड घेऊ नका हो. ४ जीबीचं जीटी ७३० अजून विकतात, ते २०१४ चं कार्ड आहे. जीटीएक्स १६५० घेणार असाल तर त्याच्या काही मॉडेल्सना ६ पिन लागते, बॉक्सवर वाचूनच पैसे द्या.

लांबी पण मोजा, डब्याच्या मागे कार्ड जिथे स्क्रूने बसतं त्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत. कार्ड दोन स्लॉटची जागा खातं, शेजारच्या स्लॉटमध्ये काही असेल तर ते काढावं लागेल.

लावल्यावर मॉनिटरची वायर कार्डलाच जोडायची. जुना मॉनिटर व्हीजीएवाला असेल तर कार्डला व्हीजीए नसतं, एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर सोबतच घेऊन या.

कामाचं म्हणाल तर ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्स (कार्डवर रेंडर करायची सेटिंग) चालू केलं आणि रेंडरमध्ये, म्हणजे शेवटचं चित्र तयार व्हायला, जमीन-अस्मानाचा फरक पडला, व्ह्यूपोर्ट (काम करतो ती थ्रीडी खिडकी) अडकत नाही, पोरगं रात्री उशिरापर्यंत बसतंय. आवाज नाही, तापतही नाही फार. नव्या गेम्समध्ये मात्र चार कोरचा प्रोसेसर आधी दमतो, कार्ड रिकामं बसतं, तेव्हा फक्त गेमिंगसाठी एवढ्या जुन्या मशिनवर हे कार्ड मी सुचवणार नाही. एडिटिंग, थ्रीडी शिकणाऱ्यांनी बिनधास्त घ्या. ऑप्टिप्लेक्स बुटका, एसएफएफवाला असेल तर याचंच लो प्रोफाइल (कमी उंचीचं) मॉडेल मिळतं, ते मागा, आणि छोटी पट्टी बॉक्समध्ये आहे का ते दुकानातच उघडून बघा.