बर्कनहेड पार्क: आठ महिने रोज चालून झाल्यावर

लिव्हरपूलहून लोकल पकडली की मर्सी नदीखालून जाऊन थोड्याच वेळात बर्कनहेड पार्क स्टेशन येतं. आम्ही या बाजूला राहायला आल्याला आठ महिने झाले. पार्कातली संध्याकाळची फेरी सहसा चुकत नाही, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

पहिला महिनाभर मी सपशेल चकत होतो. तळ्याच्या कडेकडेने जावं, वाटावं की आता टोक आलं, तर झाडीमागून पाणी पुन्हा हजर! नकाशात बघितलं तर तळं काही फार मोठं नाही. बेटं आणि वळणंच अशी घातलीत की कुठूनही सगळं पाणी एकदम दिसू नये. मुळात ही दलदलीची जागा. पार्क आखणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनने तळी खणून घेतली आणि निघालेल्या मातीचे उंचवटे केले. मी त्यांना नैसर्गिक टेकाडं समजत होतो. डिसेंबरात गवतातून जवळची वाट धरली आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतलो, तेव्हा जुनी दलदल अजून खाली आहे हे कळलं. तेव्हापासून गमबूट.

मार्चमध्ये सोलापूरहून आई आली. गेटपाशीच तिने विचारलं, "तिकीट किती रे?" फुकट आहे म्हटल्यावर, "मग परवडतंय कसं यांना?" प्रश्न चोख होता. गावाने 226 एकर जमीन घेतली, त्यातली 125 एकर सगळ्यांसाठी राखली आणि कडेचे प्लॉट बंगल्यांसाठी विकून खर्च भागवायचा असं ठरवलं. "म्हणजे बिल्डरच की!" आई म्हणाली. तिला मी विरोध केला नाही. पण गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्या जमिनींचं काय होतं ते तिने पाहिलंय, त्यामुळे ते 125 एकर अजून मोकळे आहेत याचं तिला फार अप्रूप वाटलं. इथेही जहाजबांधणीचा तो जुना जोर आता नाही. गोदी आणि पार्क यांचं उद्घाटन एकाच दिवशी झालं होतं, 5 एप्रिल 1847 ला.

आमची आवडती जागा म्हणजे स्विस ब्रिज, छपराचा लाकडी पूल. पाऊस आला की आम्ही तिथे. आई डब्यातली चपाती आणि शेंगाचटणी काढायची, खाली पाणकोंबड्या एकमेकींच्या मागे लागलेल्या असायच्या. एकदा एक आजोबा कुत्र्यासकट आडोशाला आले. आईने त्यांना चटणी दिली. आजोबांनी ती नुसतीच तोंडात टाकली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

मोठ्या कमानीचं प्रवेशद्वार फोटोपुरतं ठीक. कुत्री मोकाट सुटलेली असतात, ज्यांना भीती वाटते त्यांनी तयारीने यावं. वारा सुटला की छत्रीचा काही उपयोग नाही.

न्यू जर्सीतला मित्र सेंट्रल पार्कचं कौतुक सांगायला लागला की मी आता ओल्मस्टेड काढतो. सेंट्रल पार्क आखणारा हा माणूस 1850 मध्ये इथे आला होता. आमचं नवं पार्क बघितल्याशिवाय जाऊ नका, असं त्याला गावातल्या एका बेकरीवाल्याने बजावलं होतं. हे मी आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत मोठ्या उत्साहाने सांगितलं. पाव कागदात गुंडाळत तो म्हणाला, "आज जाऊ नका, पाऊस आहे."